कालव्यातला ‘अ‍ॅनाकोंडा’ आणि बांधावरचा अजगर: महाकाय साप कसे ओळखायचे?

शिवारफेरी (धागाकर्ता)

मंडळी, नमस्कार.

आठवडाभरापासून गोदाकाठच्या गावागावांतल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक व्हिडिओ फिरतोय. गढूळ पाण्यातून एक अजस्र साप काठावर चढतो, मागे माणसांचा गलका, आणि खाली मजकूर: ‘जायकवाडीच्या कालव्यात ३० फुटी अ‍ॅनाकोंडा. रात्री पाणी द्यायला जाऊ नका.’ या मजकुरापायी आमच्या शेजारच्या शिवारात उसाच्या बांधावर ऊन खात पडलेला आठेक फुटांचा अजगर लोकांनी काठ्या-कुऱ्हाडींनी मारला. मी पोचलो तेव्हा सगळं संपलं होतं. डोकं तेवढं शाबूत राहिलं होतं: माथ्यावरची बाणासारखी खूण, वरच्या ओठावरचे बारीक खड्डे. आपला भारतीय अजगर. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत वाघाच्या पंगतीला बसवलेला प्राणी.

तो व्हिडिओ मी थांबवून थांबवून पाहिला. साप खरा आहे आणि अ‍ॅनाकोंडाच आहे. फक्त त्याचं घर दक्षिण अमेरिकेत आहे, ॲमेझॉन आणि ओरिनोको नद्यांच्या खोऱ्यांत. भारतात तो बघायचा तर प्राणिसंग्रहालयात. म्हैसूर आणि तिरुवनंतपुरमला श्रीलंकेहून आणले होते. गोदावरीत, मांजरेत, पैनगंगेत, कुठल्याही पाटात तो नाही.

असा व्हिडिओ किंवा फोटो आला की बहुतेक जण आधी लांबीकडे बघतात. माझं म्हणणं असं की लांबी शेवटी बघा. आधी डोकं बघा, मग पाठीवरची नक्षी, मग आजूबाजूची झाडं, माणसं, भाषा.

गुंडाळून मारणारे मोठे साप मुख्यतः दोन घराण्यांतले. अजगर हे आफ्रिका, आशिया आणि ऑस्ट्रेलियातले. बोआ घराण्यातले मोठे साप अमेरिका खंडातले, त्यात अ‍ॅनाकोंडा आला. अजगर अंडी घालतात, अ‍ॅनाकोंडा पिलांनाच जन्म देतो. आपल्या अजगराच्या ओठाच्या खवल्यांत उष्णता जाणवणारे खड्डे असतात, अ‍ॅनाकोंडाला ते नसतात. शेपटीखालचे खवले अजगरात बहुतेक जोडीने असतात, बोआत एकेरी. जिवंत सापाची शेपटी उलटी करून बघण्याच्या भानगडीत कुणी पडू नका, पण शेतात सापडलेल्या कातीवर हे अगदी स्वच्छ दिसतं.

आता एकेक घेतो.

हिरवा अ‍ॅनाकोंडा शेवाळी रंगाचा, पाठीवर काळे गोलसर डाग, कुशीवर काळ्या कडेचे पिवळट डाग. डोळे आणि नाकपुड्या डोक्याच्या माथ्याकडे सरकलेल्या, कारण हा अंग पाण्यात बुडवून डोळे-नाक तेवढं वर ठेवतो आणि दबा धरतो. आपल्या व्हिडिओत तिसऱ्या-चौथ्या सेकंदाला हे डोकं नीट दिसतं, तिथेच निकाल लागतो. वजनात हा जगात पहिला मानला जातो. व्हेनेझुएलाच्या यानोस या पाणथळ गवताळ प्रदेशात हेसूस रिवास या संशोधकाने शेकडो अ‍ॅनाकोंडा हाताने पकडून मोजले. त्यातली सगळ्यात मोठी मादी साधारण ५.२ मीटर, म्हणजे १७ फूट, आणि ९७.५ किलोची. शेकडो साप मोजून १७ फूट! ३० फुटांची गोष्ट ऐकली की हा आकडा आठवा. २०२४ मध्ये रिवास आणि सहकाऱ्यांनी जनुकांच्या अभ्यासावरून उत्तरेकडचा हिरवा अ‍ॅनाकोंडा ही वेगळी जात असल्याचं मांडलं, दोघांत सुमारे ५.५ टक्के फरक. नव्या नावावरून शास्त्रज्ञांत वाद आहे, आणि नुसतं बघून दोघांत फरक करता येत नाही.

जाळीदार अजगर लांबीत जगात पहिला. आग्नेय आशियातला, आपल्या देशात निकोबार बेटांवर. अंगावर काळ्या, पिवळ्या, सोनेरी रंगांची नागमोडी जाळी, कुशीवर पांढरे ठिपके, डोळा नारिंगी. डोकं मात्र बरंचसं साधं, मधोमध नाकाडापासून मानेपर्यंत एक बारीक काळी रेघ. ही रेघ दिसली की दुसरं काही बघायची गरज नाही. अमेरिकेत कॅन्सस सिटीतली ‘मेडूसा’ नावाची मादी २०११ मध्ये ७.६७ मीटर भरली. २५ फूट २ इंच, वजन १५८.८ किलो. पाळीव सापांतला हा गिनीजचा विक्रम.

बर्मी अजगर आणि भारतीय अजगर चुलतभाऊ. पूर्वी दोघांना एकच जात धरत, २००९ पासून वेगळं मानतात. बर्मी गडद, त्याच्या माथ्यावरचा बाण नाकाडापर्यंत ठळक. आपला फिकट, पिवळट-तपकिरी, आणि त्याचा बाण नाकाडाकडे येताना पुसट होतो. पक्की खूण डोळ्याखाली: आपल्या अजगरात वरच्या ओठाचा खवला डोळ्याला भिडतो, बर्मी अजगरात मध्ये बारीक खवल्यांची ओळ येते. मोबाइलवर चांगला फोटो असेल तर मोठा करून हे दिसतं.

आफ्रिकेत दोन मोठे अजगर, एक मध्य-पश्चिमेकडचा, एक दक्षिणेकडचा. डोळ्याखाली गडद त्रिकोणी डाग असतो, तो मध्य-पश्चिमेकडच्यात जास्त ठसठशीत. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमधला झुडपी अजगर लांब पण शेलाटा, उन्हात अंगावर इंद्रधनुषी झाक मारतो. या सगळ्यांचे व्हिडिओ आपल्याकडे क्वचित येतात, म्हणून इथेच थांबतो.

तुमच्याकडे आलेले फोटो इथे टाका, मिळून ओळखू.

मांजराकाठ

लई चांगलं लिहिलंत भाऊ. आमच्या लातूरच्या ग्रुपवर बी हाच व्हिडिओ ‘मांजरा धरणातला’ म्हणून फिरलालाय. धरण बदलतंय, साप तोच.

पण एक गोष्ट मला पटंना. आमचे आजोबा सांगायचे, त्यांच्या तरुणपणी नदीकाठच्या केवड्याच्या बेटात २५ फुटी अजगर निघालता, त्याचं कातडं वाड्यात टांगलं होतं. माझ्या चुलत्यांनी ते कातडं बघितलंय, मोजलंय. मंग ते खोटं म्हणायचं का?

शिवारफेरी

मांजराकाठ दादा, आजोबांना खोटं म्हणायचं काही कारण नाही. कातड्याची लांबी त्यांनी मोजली असेल तर ती तेवढीच भरली असेल. प्रश्न असा की कातडं सापाएवढं राहत नाही. सोलून, ताणून, खिळे ठोकून वाळवलेलं कातडं मूळ सापापेक्षा चांगलं पाव हिस्सा किंवा त्याहूनही जास्त वाढतं, आणि ते फाटत नाही म्हणून कुणाला कळतही नाही. टाकलेली कातही अशीच लांबते. जगभरातल्या मोठमोठ्या आकड्यांपैकी कितीतरी कातड्यांवरून आले आहेत.

जिवंत साप मोजणंही सोपं नाही. तो सरळ राहतच नाही. दोरी पाठीच्या मधून वळणावळणाने लावायची आणि मग दोरी मोजायची, ही त्यातल्या त्यात चांगली पद्धत. भीतीच्या क्षणी डोळ्यांनी केलेला अंदाज जवळपास नेहमी वरच जातो. ब्रिटिश शोधक पर्सी फॉसेट याने १९०७ मध्ये ॲमेझॉनच्या जंगलात ६२ फुटी अ‍ॅनाकोंडा मारल्याचं लिहून ठेवलं, पुरावा मात्र काहीच आणला नाही. न्यूयॉर्कच्या प्राणिशास्त्र संस्थेने ३० फुटांहून लांब जिवंत साप आणणाऱ्याला बक्षीस लावलं होतं. अमेरिकेचे अध्यक्ष राहिलेले थिओडोर रूझवेल्ट यांच्या काळात ते १ हजार डॉलर होतं, वाढत वाढत ५० हजारांपर्यंत गेलं. कुणालाही ते घेता आलं नाही.

भारतीय अजगर सर्वसाधारणपणे ८ ते १२ फुटांचा दिसतो. १५ फुटांच्या पुढचा दुर्मीळ. जुन्या पुस्तकांत २० फुटी ‘भारतीय’ अजगर वाचायला मिळतो, कारण तेव्हा बर्मी अजगर त्याच नावाखाली मोजला जायचा. ते कातडं अजून वाड्यात असेल तर त्याच्या डोक्याकडच्या भागाचा फोटो मिळेल का?

मांजराकाठ

वाडा ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात पडला. कातडं त्याच्यातच गेलं. पण ताणून वाळवलं होतं हे चुलते बी सांगतात. तुमचं पटलं.

किनवटकर

धागा वाचून फार बरं वाटलं. किनवट-माहूरच्या सागवानी जंगलात मी लहानपणापासून फिरतो, त्यामुळे आपल्या अजगराबद्दल थोडी भर घालतो.

हिवाळ्यात सकाळी नऊ-दहाच्या सुमाराला तो बिळाबाहेर येऊन पडतो. बीळ बहुतेक वेळा सायाळीचं असतं. भरतपूरच्या केवलादेव उद्यानातही अजगर सायाळीच्या बिळात राहतात, तिथे यावर संशोधन झालेलं आहे. असा ऊन खाणारा अजगर आठ-दहा पावलांवरून शांतपणे बघितला की नक्षी कळते. पाठीवरचे तपकिरी डाग एकाही ठिकाणी सारखे नसतात, कुठे चौकोनी, कुठे तुटलेले, कुठे शेजारच्यात मिसळलेले. कुशीवरच्या डागांच्या मधोमध फिकट ठिपका. खवले गुळगुळीत, नुकती कात टाकली असेल तर उन्हात निळसर-जांभळी छटा येते. शेपटीजवळ दोन्ही बाजूंना नखासारखे छोटे काटे असतात, ते त्याच्या पूर्वजांच्या मागच्या पायांचे अवशेष. नराचे जास्त मोठे.

त्याला हलवू नका, डिवचू नका. नुकतं भक्ष्य गिळलेलं असेल तर घाबरून तो ते ओकून टाकतो, आणि महिनाभराची कमाई गेली म्हणजे त्याचा जीव धोक्यात येतो.

आणखी एक. अ‍ॅनाकोंडाचे दूरचे नातलग आपल्या मराठवाड्यात आहेत, ते कुणाला भीतीदायक वाटत नाहीत. मांडूळ आणि डुरक्या घोणस हे दोन्ही बोआ गटातले. दोघेही भक्ष्याला आवळून मारतात. पण मांडुळाला गुप्तधनाच्या अंधश्रद्धेने पकडतात, वजनावर लाखोंचे सौदे केल्याच्या बातम्या दर वर्षी येतात. त्या सापाकडे उंदीर खाण्यापलीकडे कुठलीही शक्ती नाही. हे मला मनापासून सांगायचं आहे, कारण आमच्या भागातली तरणी पोरं यात अडकून तुरुंगात गेलेली मी पाहिली आहेत.

भूगर्भकन्या

मी छत्रपती संभाजीनगरला भूशास्त्र शिकते. महाकाय सापांचा विषय निघाला आहे तर सगळ्यात मोठा साप आपल्याच देशातला असण्याची शक्यता आहे, हे इथे यायलाच हवं.

कच्छमधल्या पानन्ध्रो लिग्नाइट खाणीत सापाचे २७ मणके मिळाले. आयआयटी रुरकीचे देबजित दत्ता आणि सुनील बाजपेयी यांनी एप्रिल २०२४ मध्ये त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि सापाला ‘वासुकी इंडिकस’ नाव दिलं. काळ सुमारे ४ कोटी ७० लाख वर्षांपूर्वीचा. लांबीचा अंदाज १०.९ ते १५.२ मीटर, म्हणजे ३६ ते ५० फूट. अंदाज एवढा सैल का, तर संपूर्ण सांगाडा नाही. मणक्यांच्या रुंदीवरून आजच्या सापांशी तुलना करून दोन वेगळ्या पद्धतींनी गणित मांडलं, म्हणून दोन टोकं आली. तो मॅडसोइडी नावाच्या नामशेष कुळातला, म्हणजे अजगरही नव्हे आणि बोआही नव्हे.

त्याचा प्रतिस्पर्धी टायटॅनोबोआ. कोलंबियातल्या सेरेहोन कोळसा खाणीतला, ५ कोटी ८० लाख ते ६ कोटी वर्षांपूर्वीचा, २००९ मध्ये जगासमोर आला. अंदाजे १२.८ मीटर आणि ११३५ किलो. तो बोआ घराण्यातला. साप आपल्या शरीराची उष्णता बाहेरून घेतात, त्यामुळे एवढा मोठा साप जगायला हवा खूप गरम लागते. टायटॅनोबोआच्या आकारावरून तिथलं वर्षाचं सरासरी तापमान ३० अंशांच्या वर असावं असा हिशेब शास्त्रज्ञांनी केला. सापाच्या मणक्याकडून तापमान विचारून घेतलं, हे मला अजूनही विलक्षण वाटतं.

गुजरातमध्येच धोली डुंगरीला ‘सनाजेह’ या साडेतीन मीटर लांबीच्या सापाचा जीवाश्म डायनासोरच्या घरट्यात, अंड्यांना वेटोळं घालून बसलेल्या स्थितीत मिळाला. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला हा शोध भूशास्त्रज्ञ धनंजय मोहबे यांनी उकरून काढलेल्या नमुन्यावरचा आहे. फुटलेल्या अंड्याशेजारी नुकतं जन्मलेलं डायनासोरचं पिल्लू आहे. त्याचा फोटो कुठे मिळाला तर जरूर बघा.

गोदाताई

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. हा व्हिडिओ आल्यापासून वस्तीवरची चार-पाच मुलं पाटाच्या रस्त्याने शाळेत यायला घाबरतात. त्यांचा एकच प्रश्न: अजगर माणसाला गिळतो का? ‘नाही’ म्हणून सांगितलं तर मोबाइलवर उलट व्हिडिओ दाखवतात. मुलांना खरं काय सांगू?

शिवारफेरी

ताई, मुलांना पूर्ण खरं सांगा, ती ते पेलतात.

माणसाला गिळल्याच्या खात्रीच्या घटना आहेत आणि त्या जाळीदार अजगराच्या आहेत. इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावर २०१७ मध्ये पाम तेलाच्या मळ्यात गेलेला एक तरुण सापडेना, शेवटी साधारण ७ मीटरच्या अजगराच्या पोटात त्याचं शरीर मिळालं. पुढच्या वर्षी मुना बेटावर एका बाईंच्या बाबतीत असंच घडलं. फिलिपिन्सच्या जंगलात राहणाऱ्या आग्ता लोकांबद्दल थॉमस हेडलँड आणि हॅरी ग्रीन यांचा अभ्यास २०११ मध्ये आला. चौकशी केलेल्या पुरुषांपैकी २६ टक्के लोकांवर कधी ना कधी जाळीदार अजगराने हल्ला केला होता. तेही अजगर मारून खायचे. दोघंही एकाच जंगलात एकाच भक्ष्यामागे होते.

हा साप मराठवाड्यात नाही. आपल्या अजगराचं खाणं घुशी, उंदीर, ससे, पक्षी, कधी शेळीचं करडू, जंगलात हरणाचं पाडस. गिळण्याची मर्यादा जबड्यापेक्षा भक्ष्याच्या खांद्यांवर अडते, आणि माणसाचे खांदे रुंद असतात. चालत्या-बोलत्या मुलांचा घोळका बघून आपला अजगर गवतात शिरतो. तान्ह्या मुलाला मात्र रानात, बांधावर जमिनीवर एकटं निजवू नये. त्याला कारणं अजगराहून कितीतरी मोठी आहेत, पुढे कुणी ना कुणी लिहीलच.

मुलांना आवडेल अशी गोष्ट देतो. अजगर भक्ष्याचा श्वास कोंडून मारतो असं आपण शिकत आलो. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या डिकिन्सन महाविद्यालयाच्या स्कॉट बोबॅक यांच्या गटाने बोआच्या विळख्यातल्या उंदरांचा रक्तदाब मोजला. काही सेकंदांतच रक्ताभिसरण कोलमडतं, मेंदूला रक्त पोचत नाही आणि उंदीर बेशुद्ध पडतो; श्वास थांबण्याआधीच काम झालेलं असतं. त्याच गटाने त्याआधी दाखवलं होतं की बोआला विळख्यातल्या भक्ष्याच्या हृदयाचे ठोके जाणवतात. मेलेल्या उंदरात पाण्याच्या दाबावर चालणारं नकली हृदय बसवलं, तर ते धडधडत असेपर्यंत साप जास्त वेळ आणि जास्त जोराने आवळत राहिला.

टँपावासी_नांदेडकर

मूळ नांदेडचा, नोकरीनिमित्त बरीच वर्षं फ्लोरिडात आहे. इथे बर्मी अजगर हा रोजच्या बातम्यांतला विषय आहे, म्हणून लिहितो.

हौसेने पाळलेले, मोठे झाल्यावर सोडून दिलेले किंवा निसटलेले बर्मी अजगर एव्हरग्लेड्सच्या दलदलीत वाढले. २०१२ मधल्या अभ्यासात रात्री रस्त्यांवर दिसणाऱ्या सस्तन प्राण्यांची मोजणी पूर्वीशी ताडून पाहिली: रॅकून ९९.३ टक्क्यांनी कमी, ओपोसम ९८.९ टक्क्यांनी कमी, ससे जवळपास दिसेनासे. जुलै २०२३ मध्ये १९ फुटांची एक मादी पकडली, तो इथला लांबीचा विक्रम. २०२२ मध्ये जाहीर झालेल्या ९८ किलोच्या मादीच्या पोटात १२२ अंडी तयार होत होती. म्हणून इथलं सरकारच दर वर्षी अजगर पकडण्याची स्पर्धा ठेवतं.

हे वाचून आपल्याकडे कुणी म्हणेल की बघा, अमेरिकेत तर सरकार अजगर मारतं. तिथे तो परका आहे. आपल्या शिवारात भारतीय अजगर हजारो वर्षांपासून आहे, त्याला खाणारे मुंगूस, कोल्हे, शिकारी पक्षीही आहेत, आणि त्याचं भक्ष्य त्याला ओळखून आहे. तोच गट, दोन देशांत दोन अगदी उलट्या परिस्थिती. मी इथे पकड मोहिमेच्या बाजूचा आहे आणि नांदेडला अजगर वाचवण्याच्या.

पाटोद्याचा_मुकादम

सगळ्यांना रामराम. आमी बीड जिल्ह्यातले, दरसाल टोळी घेऊन कारखान्याला जातो. फडात पाचटात साप निघणं हे रोजचंच. आमच्या लोकांचा एक समज हाय, की अंगावर गोल गोल छापे दिसले म्हणजे अजगराचं पिल्लू, त्याला इख नसतं. पोरं हातात धरून मोबाइलवर फोटो काढतात. शिवारफेरी सर, तुमी मोठ्या सापाचं सांगितलं, ह्या बारक्याचं सांगा. माझ्या जिवाला ह्याचाच घोर लागलेला असतो.

शिवारफेरी

मुकादम, या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तुम्ही विचारलात. ३० फुटी अ‍ॅनाकोंडाने मराठवाड्यात एकही माणूस मेलेला नाही. अजगराचं पिल्लू समजून घोणस धरल्याने माणसं मेली आहेत.

घोणशीच्या पाठीवर डागांच्या तीन ओळी असतात, मधली एक आणि बाजूच्या दोन. डाग लंबगोल, एकासारखा एक, साखळीच्या कड्यांसारखे रांगेत, प्रत्येकाला काळी कड. अजगराचे डाग वेडेवाकडे, रांग धरत नाहीत. घोणशीचं डोकं त्रिकोणी, मान बारीक, अंग आखूड आणि जाड, खवले खरखरीत, त्यांवर उभी धार. अजगराचे खवले गुळगुळीत, अंग लांबोडकं. घोणस डिवचली की कुकरच्या शिट्टीसारखा मोठा, लांबलचक फुत्कार टाकते.

पिलांचा हिशेब वेगळा लक्षात ठेवा. घोणस पिलांना जन्म देते, एका वेळी २० ते ४० तरी, उन्हाळ्याच्या शेवटी आणि पावसाळ्याच्या सुरुवातीला. ती वीतभरच असतात आणि जन्मापासून विषारी. अजगराची पिलंही जून ते ऑगस्टमध्येच अंड्यांतून बाहेर येतात, पण ती निघतानाच दीड ते दोन फुटांची असतात. म्हणजे हातभराहून लहान, छापे असलेला साप दिसला तर तो अजगर समजूच नका.

डुरक्या घोणसही छाप्यांची असते आणि बिनविषारी असते, पण ओळखण्याचा प्रयोग फडात करायचा नाही. छापे दिसले की लांब व्हा. कोयता टाकून दोन पावलं मागे.

तालुका_डॉक्टर

ग्रामीण रुग्णालयात काम करतो. मुकादमांनी सांगितलेला समज मी दर हंगामात रुग्णांच्या तोंडून ऐकतो. ‘अजगराचं पिल्लू चावलं’ म्हणून दोन-तीन तास घरी थांबतात आणि लघवी लाल व्हायला लागली की येतात.

घोणशीचं विष रक्त गोठण्याची क्रियाच मोडून टाकतं. हिरड्यांतून, जखमेतून रक्त येत राहतं, मूत्रपिंडं निकामी होतात. आम्ही कोरड्या स्वच्छ काचेच्या नळीत थोडं रक्त घेऊन २० मिनिटं न हलवता ठेवतो. नळी तिरकी केल्यावर रक्त वाहिलं, तर विष भिनलेलं आहे. मग प्रतिसर्पविष सुरू, पहिल्याच फेरीत ८ ते १० कुप्या. हे औषध नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवरही चालतं, त्यामुळे साप मारून आणायची काही गरज नाही. सरकारी रुग्णालयात ते मोफत मिळतं.

दंश झाला की चावलेला हात किंवा पाय हलवू नका, अंगठी-कडं-जोडवी काढा, घट्ट दोरी बांधू नका, चिरा देऊ नका, तोंडाने ओढू नका. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने निघा. मंदिरात, मांत्रिकाकडे गेलेला अर्धा तास आम्हाला परत मिळवता येत नाही.

अजगर खरोखर चावला तर दात मागे वळलेले असल्याने जखमा खोल आणि फाटलेल्या असतात. साबण-पाण्याने धुवा, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. विषाची काळजी नाही.

मांजराकाठ

डॉक्टर सायेब, हे छापून प्रत्येक कोपीवर लावायला पाहिजे.

बारक्यासाठी एक विचारतो, तो सारखा मागं लागलाय. अ‍ॅनाकोंडा आणि जाळीदार अजगर भिडले तर कोण जिंकंल?

शिवारफेरी

दोघांच्या मध्ये महासागर आहे, त्यामुळे रानात ही गाठ पडत नाही. एवढं सांगता येतं की सारख्या लांबीचे घेतले तर अ‍ॅनाकोंडा बराच जाड आणि जड भरतो, आणि सगळ्यात लांब निवडायचा तर जाळीदार. वजनाच्या विक्रमात आणखी एक गोम आहे. अमेरिकेत एका सर्पगृहात पाळलेली बर्मी मादी १८० किलोंच्या वर गेली होती, लांबी मात्र १९ फुटांच्या आतच. बसून आयतं खाणाऱ्या पाळीव सापाची तुलना रानातल्या सापाशी करायची नाही. बारक्याला विचारा, पाण्यात की जमिनीवर? पाण्यात असेल तर मी अ‍ॅनाकोंडाच्या बाजूने.

गोदाताई

काल वर्गात डोळ्याखालचा खवला, माथ्यावरचा बाण, घोणशीच्या तीन ओळी फळ्यावर काढल्या. मुलांनी तो व्हायरल व्हिडिओ स्वतःच थांबवून नाकपुड्या कुठे आहेत ते शोधलं. पाटाच्या रस्त्याने आज सगळी आली.

पाटोद्याचा_मुकादम

एक शेवटचं. कारखाना बंद झाल्यावर उन्हाळ्यात गावाकडं आलो, की बांधावरच्या जुन्या विहिरीच्या कपारीत मागल्या साली अजगराची मादी अंड्यावर बसलेली दिसली होती. मालक म्हणत होता जेसीबीनं बुजवून टाकू. मी थांबवलं, पण पुढं काय करायचं ते कुणालाच ठावं नव्हतं. परत दिसली तर?

किनवटकर

मुकादम, तुम्ही थांबवलंत, फार मोठं काम केलंत.

मादी साधारण मार्च ते जूनमध्ये अंडी घालते आणि जवळपास दोन महिने वेटोळं घालून बसते. गारवा असला की अंगाचे स्नायू एकसारखे थरथरवून अंड्यांना ऊब देते. आजूबाजूच्या हवेपेक्षा काही अंशांनी जास्त तापमान ती अशी राखते. त्या काळात ती खात नाही, लांब जात नाही, कुणाच्या मागेही लागत नाही. तिला उठवलं तर अंडी गार पडतात, आणि अंडी हलवताना उलटीपालटी झाली तर आतला जीव मरतो. म्हणून स्वतः काही हलवायचं नाही.

वनविभागाचा १९२६ हा टोल फ्री क्रमांक आहे. त्यावर गाव, गट नंबर, विहिरीची खूण सांगा. तिथून वनरक्षक किंवा नोंदणीकृत सर्पमित्र येतील, जागेवरच राखण ठेवता येते का ते बघतील, अगदीच नाइलाज असेल तर अंडी उबवणी पेटीत नेतील. मालकाला कायद्याचंही सांगा, पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याला मारणं किंवा त्याचं घरटं मोडणं यात ३ ते ७ वर्षांची कैद आहे. पण त्याआधी त्याला त्याच्याच उसातल्या घुशींची बिळं दाखवा. पिलं बाहेर पडली की मादी निघून जाते आणि पिलंही आठ-पंधरा दिवसांत पांगतात. पिलं पांगली की विहीर मोकळी मिळेल, तेव्हा बुजवायची की नाही ते त्याने ठरवावं.

पाटोद्याचा_मुकादम

१९२६ लिहून घेतला. मालकाशी आजच बोलतो.